आपलाच हात, आपलाच गाल

"ह्याला कोण शिवणार? तूच घे रे लगावून."

इंग्रजीचे मास्तर खुर्चीतून न उठता बोलले. वर्ग हसला. मी माझ्या गालावर माझाच हात मारला.

"जोरात. आवाज आला पाहिजे."

आवाज काढला.

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत दर शनिवारी सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या विचारत. क्वाएट की क्वाइट. अ‍ॅडव्हाइस की अ‍ॅडव्हाइज. ज्याला येईल त्यानं चुकलेल्यांच्या थोबाडीत द्यायची, ही रीत. मी महाराचा. मला मारायला कोणी हात लावत नसे. अस्पृश्यता कायद्यानं गेली, हे नागरिकशास्त्रात छापलेलं होतं. तो धडा ह्याच मास्तरांनी मला मोठ्यानं वाचायला लावला होता.

एकदा साऱ्या वर्गाचं चुकलं. माझं एकट्याचं बरोबर आलं. मी उठलो. पहिल्या बाकावर खोताचा मुलगा. खोती गेली होती, रुबाब होता.

"मास्तर, ह्यानं हात लावलान तर मला घरी जाऊन आंघोळ करायला लागेल हो!"

"खाली बस," मास्तर मला म्हणाले. "आज सगळ्यांना माफ."

माझं चुकलं की शिक्षा. त्यांचं चुकलं की माफी.

ज्या दिवशी आवाज काढला, त्या दिवशी माझी गफलत झाली होती डेझर्ट आणि डिझर्टमध्ये. एक वाळवंट, दुसरं जेवणानंतरचं गोड. वाळू मी भाट्याच्या किनाऱ्यावर पाहिली होती. जेवणानंतर आमच्याकडे पाणी असे.

संध्याकाळी आई चिरेखाणीवरून आली. गालावरचे वळ तिनं पाहिले.

"कोनी मारलान?"

"मीच."

सगळं काढून घेतलं तिनं. आरडाओरडा केला नाही. दगडांनी फाटलेला तळवा माझ्या गालावर ठेवला.

"त्याला मारायचा तं त्याचा हात लागू दे. तू नको मारूस, बाबू. परत मारलास तं माज्यासमोर येव नको."

पुढच्या शनिवारी मला उत्तर येत होतं. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.

"घे लगावून."

"नाही."

"काय म्हणालास?"

"मारायचं तर तुम्ही मारा. हातानं."

मी टेबलापाशी गेलो, गाल पुढे केला. शाळा सुटली तर पुढे चिरेखाणच होती. मास्तरांचा हात उठला. अर्ध्यावर थांबला. मग तो हात त्यांनी धोतराला पुसला. मला लागलाही नव्हता.

"चालता हो!"

पाठोपाठ डस्टर आलं. कपाळाला लागलं. मी गेलो नाही. मागच्या कोपऱ्यात, माझ्या जागेवर जाऊन बसलो आणि पुस्तक उघडलं. पुन्हा कधी त्यांनी मला लगावून घ्यायला सांगितलं नाही. प्रश्नही विचारला नाही. मी त्या जोड्या एकट्यानं पाठ केल्या.

आई गेल्या महिन्यात गेली. दुखवट्याच्या पत्रांत एक निमंत्रण आलं. मास्तरांचा सत्कार आहे. "आपल्या इंग्रजीचा पाया सरांनी घातला. येऊन त्यांचे पाय धरावेत." खाली खोताच्या मुलाची सही.

तेव्हा गालाचा विटाळ होत होता. आता पायाला माझा हात चालतो.

दुखवट्याचं निमित्त सांगता आलं असतं. सांगितलं नाही. उत्तरात एवढंच लिहिलं: ह्या हातानं मी आईला माती दिली आहे. हा हात त्या पायांना लागणार नाही.