दहापैकी सिस्टर

तिचं खरं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण वॉर्डात सगळे तिला दहापैकी सिस्टरच म्हणत. कुणाच्याही खाटेशी आली की पहिला प्रश्न तोच: "दहापैकी किती दुखतंय?" ठेंगणी, अंगानं भरलेली, अंबाड्यात पेन खोचलेलं. जखम बांधायची असली की आधी गोळी द्यायची आणि ड्रेसिंगवाल्याला ताटकळत ठेवायची. "गोळीला कामाला लागू दे, मग तू लाग," म्हणायची. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर बिस्किटं खात खात "दहा" सांगायचा. मला हसू यायचं, तर ती मलाच दटावायची, "काकू, दुखणं त्याचं, आकडाही त्याचाच."

अशा बाईशी गाठ पडली आमच्या ह्यांची. हे जन्मभर गणिताचे मास्तर. जिन्यावरून घसरले, नडगी मोडली, आदल्या दिवशी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. सकाळपासून सिस्टरला एकच उत्तर: "चार." तोंडातून हूं की चूं नाही. कपाळावर घाम मात्र डबडबलेला. मी म्हटलं, फार दुखतंय का हो? तर म्हणे, तू गप्प बस. कर्म माझं.

दुपारी सिस्टर पुन्हा आली. "चार," हे म्हणाले. ती हलली नाही. प्लास्टरच्या बाहेर आलेली पायाची बोटं तिनं हातात घेतली. गार होती. अंगठा हलकेच वर ओढला, तशी ह्यांनी खाटेची दांडी अशी आवळली की मला धडकीच भरली. "चारच," हे म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "काकू, सर पेपर तपासायचे तेव्हा पहिला आलेल्या पोराला दहापैकी किती द्यायचे?"

"साडेचार," मी म्हटलं. "पोरांचे आईबाप घरी भांडायला यायचे. पाच तर ह्यांनी आजवर कुणालाच..." आणि बोलता बोलता मला ह्यांचं सकाळपासूनचं "चार" आठवलं.

सिस्टरनं पुढचं ऐकलंच नाही. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत असं कळलं, तर ही दाराशी जाऊन उभी राहिली आणि त्यांना घेऊनच आली. आत पाय सुजला होता आणि प्लास्टर त्याला आवळत होतं. ते उभं चिरलं. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मला सिस्टरला मिठी मारावीशी वाटली, आणि मारलीच. "काकू, दुसरे पेशंट आहेत," ती म्हणाली, पण सोडवून घेतलं नाही.

संध्याकाळी बोटं कोमट झाली. ह्यांनी ती एकदा हलवून बघितली. मग म्हणाले, "पोरीच्या वेळी तुला फार दुखलं होतं का गं?"

पोरीला आता स्वतःची पोरं आहेत. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं. रागही आला, खोटं कशाला बोलू.

"जीव जातो की काय असं झालं होतं," मी म्हटलं.

"सांग," हे म्हणाले.

सिस्टर सलाईन बघायला आली होती. तिनं आमच्या खाटेचा पडदा ओढला आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी स्टूल जवळ सरकवलं आणि पहिल्या कळेपासून सांगायला लागले.