काठावरच्यांना हात

कर्लीच्या खाडीत हाऊसबोट संथ निघाली आणि माझ्या नवऱ्याचा हात वर गेला. काठावर कपडे धुणाऱ्या बाईला हात, होडीतल्या म्हाताऱ्याला हात, माडाला बांधलेल्या गाईलासुद्धा! घरी हाच माणूस लिफ्टमध्ये शेजारी दिसले की मोबाईलमध्ये डोकं घालतो. पाण्यावर आलं की माणसाला काय होतं कोण जाणे. बहुतेक, पोचायची घाई नसली की समोरचा माणूस दिसायला लागतो.

पुढच्या वळणावर जाळं सुकवणारी एक बाई हसून ओरडली, "जेवलात काय हो?"

बोट पुढे सरकली होती. नवरा मागच्या कठड्याशी धावला. "जेवलो! तुम्ही?"

इंजिनाच्या आवाजात तिचं उत्तर ऐकू येईना, तेव्हा त्याने बोटच थांबवायला लावली.