सतरा नंबरचा शिक्का

माझ्या मावशीला कामाची प्रेरणा कशी द्यायची, हे शिकवायला आमच्या कारखान्यात एक प्रशिक्षक आला होता. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच्यापेक्षा जास्त राग मला माझा येतो, कारण त्याचे तक्ते टाइप करून भिंतीला चिकटवणारी मीच.

आमचा कारखाना सुरक्षापट्ट्यांचा. उंच इमारती रंगवणारे रंगारी कमरेला बांधतात ते पट्टे. मी ऑफिसात कारकून आणि मावशी शेवटच्या टेबलावर तपासनीस, एकोणीस वर्षं त्याच जागी उभी. शिवून आलेला पट्टा ती भिंतीतल्या लोखंडी हुकाला अडकवायची, खालच्या फासात पाय घालायची आणि सगळं अंग टाकून लोंबकळायची. एक, दोन, तीन. मग उतरून टाक्यांवरून अंगठा फिरवायची आणि आपला शिक्का मारायची, सतरा नंबरचा. नव्या पोरी चिडवायच्या, "मावशी, झोके घेऊन झाले का?" ती म्हणायची, "हसा बायांनो. वर चढणाऱ्याला हसू येत नाही."

तिला ते घरातूनच माहीत होतं. काका, म्हणजे तिचे यजमान, रंगारी. ठेकेदाराने पट्टे वाटले की त्यांच्या टोळीतली माणसं आधी सतरा नंबर शोधायची.

प्रशिक्षकाने फळ्यावर मोठा त्रिकोण काढला. तळाला पोट, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपुलकी, मग मान, आणि टोकाला स्वतःचा विकास. माणूस असा पायरीपायरीने वर चढतो म्हणे. मावशीने हात वर केला. "साहेब, आणि पाय घसरला तर?" सगळे हसले, तोही हसला, आणि त्याने फळा पुसला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हुकाला लोंबकळणारी बाई कुठून कळणार!

मग ताऱ्यांचा तक्ता आला. तासाला तीस पट्टे तपासले की एक तारा. मावशीचे होत चौदा. शेजारच्या टेबलावरचीने हुक सोडला, नुसतं डोळ्यांनी बघून शिक्के मारू लागली, आणि तिची ओळ ताऱ्यांनी भरली. सतरा नंबरची ओळ कोरडीच. मॅनेजर मला म्हणाले, "तुझी मावशी ना? समजाव." आणि मी शहाणी समजवायला गेले! "मावशी, तीनपर्यंत कशाला मोजतेस? एकावर उतर की." तिने माझ्यासमोरच पुढचा पट्टा हुकाला अडकवला आणि मोठ्याने तीनपर्यंत मोजलं.

शेवटी प्रशिक्षकाने तोडगा काढला: जुन्या माणसाला मान द्या. मावशीचा फोटो भिंतीवर लागला, 'महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी'. नव्या पोरींना शिकवायचं काम दिलं, बसायला खुर्ची दिली. शिक्का मात्र टेबलावरच ठेवून घेतला, तिच्या जागी येणाऱ्या पोरीसाठी. मावशी खूश झाली, खोटं कशाला बोलू? फोटोसाठी तिने दोनदा केस विंचरले होते.

तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी बसले होते, तर काका नवा पट्टा घेऊन आले. "बघ, तुझाच मिळाला!" मावशीने सतराचा शिक्का पाहिला, मग शिवणीतली तारीख पाहिली. ती चार दिवसांपूर्वीची होती. तिने पट्टा स्वयंपाकघराच्या दारावरच्या हुकाला अडकवला, फासात पाय घातला आणि अंग टाकलं. एक. दोन. तीनला टाके उसवले आणि मावशी फरशीवर आपटली.

काका तिला उठवायला धावले. मी जागची हलले नाही. मी तिला एकावर उतरायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत मॅनेजरांपुढे गेली आणि पट्टा टेबलावर टाकला. "माझा शिक्का द्या. आणि माझं टेबल."

"एखादा पट्टा सुटतो हो नजरेतून. इतकं मनाला लावून घेऊ नका. शिक्का कंपनीचा असतो."

"पट्टा तुमचा, शिक्का तुमचा, भिंतीवरचा फोटोही तुमचा," मावशी ओरडली. "आणि वरून पडेल तो तेवढा माझा होय?"

आठवड्याभरात तिला काढलं. पत्रात कारण होतं, 'कामात रस नाही'. ते मी टाइप केलं. झडले नाहीत माझे हात.

आता रोज सकाळी काकांची टोळी कामावर जाण्याआधी मावशीच्या दारात येते, आपापला पट्टा घेऊन. कोणी तिला तारा देत नाही की फोटो काढत नाही. ती हुकाला पट्टा लावते, दुखरा पाय फासात घालते आणि लोंबकळते. टिकला तर त्यावरचा कंपनीचा सतरा पेनाने खोडून पट्टा ज्याचा त्याला परत देते. कारखान्यात जाताना मीही तिथे थांबते. मोजायचं काम तिने मला दिलंय, आणि तीन झाल्याशिवाय मी तिला उतरू देत नाही.