मखमली फ्रॉक आणि उणे पंचवीस

मार्लिस ट्वाइट आमची शेजारीण. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवते. फटकळ आहेच, पण खरीखुरी पेटलेली ती मी पाहिली, ती गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत.

त्या शनिवारी पारा उणे पंचवीसवर होता. मार्लिसची पहाटेची पाळी. सात महिन्यांच्या लेकीचे, सिग्नेचे, कपडे ती पलंगावर मांडून गेली होती: अंगालगत लोकरी बंडी, वर जाड स्वेटर, त्यावर पिसं भरलेला अंगभर सूट, आणि बोटं हलतील असे सैल बूट. नवऱ्याने, आर्लनने, नुसते चढवायचे होते.

पण सकाळीच त्याची आई, आर्डिस, लाल मखमली फ्रॉक, सुती मोजे आणि चिमुकले घट्ट बूट घेऊन हजर. नातीचा बर्फावर फोटो हवा होता. "पाच मिनिटांचं तर काम!" आर्लनने मान डोलावली. वरून एक ब्लँकेट गुंडाळलं की झालं.

पाच मिनिटांचा तास झाला. जो तो बाळाला बघायला येत होता. आम्ही गळ सोडायला बर्फाला भोकं पाडत होतो, आमचं अंग गरम होतं. ती पोर घसरगाडीत नुसती पडून. आधी रडली, मग गप्प झाली.

"किती शहाणी गं बाई!" आर्डिस म्हणाली.

तेवढ्यात पाळी संपवून मार्लिस आली. पोरीच्या मानेखाली हात घातला, आणि तिला उचलून तडक आमच्या मासेमारीच्या खोपटात शिरली. आम्ही मागोमाग. बूट, मोजे ओढून काढले. पायाची बोटं मेणासारखी पांढरी.

"बर्फाने चोळ!" आर्डिस पुढे सरसावली.

"हात लावायचा नाही! चोळलं तर कातडी सोलेल." स्वेटर वर करून मार्लिसने ते पाय आपल्या उघड्या पोटाला लावले.

"अगं, आमची पोरं अशीच वाढली."

"आई, तुमची पोरं मखमल घालून बर्फावर पडून नव्हती! आणि तू रे? कपडे समोर ठेवले होते ना?"

"आई म्हणाली, फक्त फोटो..."

"आईला नाही म्हणायला जीभ झडली होती?"

हळूहळू पाय लाल झाले. सिग्ने किंचाळून रडू लागली, आणि मार्लिसही रडली, पण दातओठ खात. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी बोटं शाबूत असल्याचं सांगितलं.

"आता बर्फ वितळेपर्यंत तिला बाहेर काढू नकोस," आर्डिस दवाखान्याच्या दारात म्हणाली.

मार्लिस पुन्हा भडकली. "का? चूक तुमची, आणि कोंडायचं तिला?"

पाय पुरते बरे झाल्यावर तिने आर्लनला समोर बसवून सिग्नेला तयार करायला लावलं. घाईत तो स्वेटर घालायला विसरला. सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. बिचारा घामाघूम झाला. मग तिघं तळ्याकाठी फिरून आली. पोर गालभर हसत होती.

सासूशी मार्लिस अजून कामापुरतंच बोलते. मी म्हटलं, "जाऊ दे ना आता."

"कशाला जाऊ देऊ?" ती म्हणाली, आणि ट्रक सुरू केला.