सुहासदादाची जिम आणि न मिळालेला बेड

दादा गेला त्या दिवशी लोकांनी त्याच्या जुन्या पोस्टवर हसणारे इमोजी टाकले.

आज त्याचा स्मृतिदिन. इतकी वर्षं काही लिहिलं नाही. आज लिहितेय.

सुहास, माझा मोठा भाऊ. पुण्यात बिबवेवाडीला त्याची जिम होती. फॅन्सी वगैरे अजिबात नाही. एसी नाही, आरसे जुने, स्पीकरवरची गाणी त्याहून जुनी. पण भाजीवाल्यापासून सीएपर्यंत सगळे तिथे घाम गाळायचे.

त्याची बायको, आमची मंजिरीवहिनी, एका खासगी हॉस्पिटलमध्ये सीनियर सिस्टर. कोविड आला आणि तिला बेडच्या फोनवर बसवलं. बेड आहे की नाही, एवढंच दिवसभर सांगायचं.

म्हणजे बघा. एकाच घरात एकाला सगळं उघडायला हवं होतं, आणि दुसरीला सगळं बंद.

पहिल्या लॉकडाऊननंतर हळूहळू दुकानं उघडली. हॉटेलं उघडली. बारही उघडले. जिम बंदच.

दादा पेटला. फेसबुकवर त्याने ती पोस्ट टाकली.

"बार चालू, जिम बंद. इम्युनिटी आता बाटलीतून मिळते का?"

तुफान शेअर झाली. मग एका लोकल चॅनेलने त्याला ऑनलाइन चर्चेला बोलावलं. समोर कोथरूडचे एक रिटायर्ड काका.

काका म्हणाले, "तुम्हाला दंड महत्त्वाचे, आम्हाला जीव."

दादा म्हणाला, "काका, आपण घरात बसून जगू शकता. माझा एक ट्रेनर गावी गेला, दुसरा पार्सलं पोचवतो. त्यांच्या जिवाचं काय?"

वहिनी तेव्हा ड्यूटीवरून येऊन बाथरूममध्ये कपडे गरम पाण्यात भिजवत होती. तिथूनच ऐकत होती. चर्चा संपल्यावर बाहेर येऊन म्हणाली,

"बरोबर बोललात. पण तेही चुकीचं नाही बोलले."

"मंजू, तू नक्की कुणाच्या बाजूने?"

"अहो, तुमची मशिन्स नुसती उभी आहेत. आमच्याकडे माणसं उभी आहेत, बेडसाठी."

दोघं जेवायला बसले.

दसऱ्याला जिम उघडली. डंबेल्सना झेंडूचे हार घातले होते. दादाने मला व्हिडिओ कॉल करून एकेक मशीन दाखवलं. एक सोडून एक मशीन दोरीने बांधलेलं होतं. ती आयडिया वहिनीची.

नियमांना तो पक्का होता. एक मेंबर मास्क हनुवटीवर लावून आला तर म्हणाला, "हनुवटीला नाही होत कोविड. मास्क वर घ्या, नाहीतर व्यायामाला पर्वतीच्या पायऱ्या मोकळ्या आहेत."

हिवाळा बरा गेला. सगळ्यांना वाटलं, संपलं. हॉस्पिटलनेही वाढवलेले बेड काढून टाकले. वहिनी म्हणायची, "इतक्यात नको काढायला." पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग उन्हाळा आला. तो उन्हाळा ज्यांनी पुण्यात काढला, त्यांना काही सांगायला नको.

वहिनीचा फोन खाली ठेवला की वाजायचा. समोरचे रडायचे, शिव्या द्यायचे, आमदाराचं नाव सांगायचे.

दादाला ताप आला. वहिनीने त्याला आतल्या खोलीत ठेवलं, औषधं सुरू केली. काही दिवसांनी एका दुपारी ती ड्यूटीवरून घरी आली आणि तिने त्याला ऑक्सिमीटर लावला. आकडा बघून तिने लगेच स्वतःच्याच हॉस्पिटलला फोन केला.

फोन तिच्या जागी बसलेल्या सिस्टरने उचलला.

"मंजिरीताई, काय सांगू तुम्हाला? शेवटचा बेड सकाळी तुम्हीच दिलात ना."

वहिनीने फोन ठेवला. आतून दादाने विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग आता काय करायचं, मंजू?"

दिवसभर हाच प्रश्न इतरांकडून ऐकणारी ती. तिने पुढच्या हॉस्पिटलचा नंबर लावला.

येरवड्याच्या बाजूला एका हॉस्पिटलमध्ये कॉरिडॉरमध्ये खुर्ची मिळाली. बेड नाही, खुर्ची. शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. वहिनी त्याला मागून धरून उभी राहिली. मी कोथरूडला माझ्या घरून जमेल त्याला फोन करत होते. आयसीयूत जागा झाल्याचा निरोप आला, पण तोवर तो गेला होता.

आणि मग ते इमोजी.

"घ्या, उघडा जिम." "इम्युनिटी मिळाली का?"

यातले दोघं त्याचे मेंबर होते.

वहिनीने सगळं वाचलं. नंतर एकदा मला म्हणाली,

"स्मिता, जिममधून नाही आलं गं. माझ्याकडूनच आलं असेल."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही. कळायला मार्गच नाही, तेच तर."

रजा संपल्यावर ती परत त्याच फोनवर बसली. लोकांना "बेड नाही" सांगत राहिली. कसं, ते मी कधी विचारलं नाही.

जिमच्या जागी आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. हॉस्पिटलच्या त्या जादा बेडच्या वॉर्डात हेल्थ चेकअपवाल्यांसाठी सोफे टाकलेत. उघडा म्हणणारे आणि बंद करा म्हणणारे आता लग्नात एकाच पंगतीत मठ्ठा पितात. कोण बरोबर होतं, हे कुणाला आठवतही नाही. पुन्हा तसं काही आलं तर पुन्हा तसंच होईल, असं मला वाटतं. काही शिकलो असू, असं वाटत नाही.

लिहून बरं वाटेल, असं मैत्रीण म्हणाली होती. नाही वाटत.

दादा, तू गेल्यावर तुला शेवटचं बघू दिलं नाही. ना वहिनीला, ना मला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलं, आम्ही गेटबाहेर उभ्या होतो.

तेव्हा म्हणायचं राहिलं, ते आज इथे सगळ्यांसमोर म्हणते.

येते रे दादा.

तुझी स्मिता