लॅपटॉपला घातलेली झूल

आमच्या घरात एकमेकांना नावानं हाक मारायची सवयच राहिली नाही. लेक जन्मापासून ऐकत नाही, मग तिच्यासाठी हाक म्हणजे खूण. कपाळावर कुंकवाच्या जागी बोट टेकवलं की मी. मिशीला पीळ दिला की तिचे बाबा. गालावर खळीपाशी बोट फिरवलं की ती स्वतः. नाव घेतल्यावर माणूस जेवढा डोळ्यासमोर येत नाही, तेवढा खुणेनं येतो. तुम्ही करून पाहा.

ती सात वर्षांची झाली तेव्हा तिला अकोटहून एसटीनं अमरावतीला नेऊन मुक्या-बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. सुट्टीत आली की शाळेतल्या पक्क्या खुणा मला शिकवायची, आणि मी चुकले की माझ्या हातावर चापट मारायची. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी बियाण्याच्या पाकिटांवरून आणि खताच्या गोण्यांवरून उचलली. यू शिकले ते युरियामुळे. आता अशी मास्तरीण आणि अशी शाळा, पण काम भागलं.

पुढं तिचं लग्न पुण्याच्या मुलाशी झालं. तोही ऐकत नाही, कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. दोघांचं इतकं छान जमलं की पाहुणे तोंडाकडे बघत राहिले आणि हे दोघं हातांनी हसत होते. पण लेक पाचशे किलोमीटरवर गेली की काय करायचं? बाकीच्या आया फोन लावतात. मी फोन लावून कोणाशी बोलू? मेसेज होते, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. मेसेजमध्ये माणूस दिसत नाही.

म्हणून जावयानं त्याचा जुना लॅपटॉप आम्हाला दिला. पडल्यामुळे त्याचं नेटची तार लावायचं भोक मोडलं होतं, पण बिनतारी चालायचं. जुना म्हणून त्यानं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं आणि झाकणावर त्याचं ते काळं-पांढरं पाखरू चिकटवलं होतं. आमचे हे त्याला बदक म्हणायचे. ‘‘बदक उघड, पोरगी आली असंल.’’

नेट आमचं नव्हतं. भिंतीपलीकडे बांगड्यांच्या दुकानवाल्या भाभी राहायच्या, त्यांच्याकडे टेलिफोनवरचं नेट होतं. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या तेव्हा पासवर्डही सांगून गेल्या. त्यांचा मोठा कॉम्प्युटर होता, पण त्याला कॅमेरा नव्हता. तेव्हा आमच्या गल्लीत कॅमेऱ्यानं तोंड दाखवणारं यंत्र एकच, आमचं बदक.

ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. टीव्हीवर खालून शेतकऱ्यानं जीव दिल्याची पट्टी सरकायची आणि तिच्यात कधी अमरावती, कधी अकोला, कधी यवतमाळ. ऐकणारा माणूस टीव्ही बंद करतो, दुसऱ्या खोलीत जातो. माझी लेक पट्टीच वाचायची, तिच्यासाठी बातमी म्हणजे पट्टीच. आणि आपल्या भागाचं नाव दिसलं की लगेच मला मेसेज, मिशीवाल्याला आण. मग हे कॅमेऱ्यासमोर बसायचे, मिशीला पीळ द्यायचे, ती मान हलवायची, झालं. आम्ही त्याला हजेरी म्हणायचो. ह्यांना खुणा येत नव्हत्या फारशा. ‘‘मले नाई जमत ते हात नाचवनं,’’ म्हणायचे. पण हजेरी कधी चुकवली नाही.

त्या साली तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण तिचं बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी पलंगावरून हलू नका सांगितलं होतं, प्रवास तर नाहीच. कापसाची पहिली वेचणी उरकली की दिवाळीनंतर मीच जाणार होते. तोवर रोज संध्याकाळी बदक उघडायचं, तिचे पाय सुजलेत का बघायचे, एवढंच माझ्या हातात होतं.

आली नवमी. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा. विळा, खुरपी, वखराची पास, डवरा, माझं शिलाई मशीन, सगळं धुऊन-पुसून मांडलं. मग वाटलं, ह्या घरात रोज सगळ्यांत जास्त राबतं कोण? तर तो लॅपटॉप. त्यालाही पाटावर ठेवला. ओल्या कुंकवाची पाच बोटं पुढच्या कडेला ओढली, झाकणावर झेंडूचं फूल. आणि एक गोष्ट मी हौसेनं केली होती. पोळ्याला बैलाच्या झुलीसाठी आणलेलं लाल कापड उरलं होतं, त्याची ह्याला झूल शिवली. बुडाला पट्टी, पुढच्या कडेनं इलॅस्टिक, आरसेबिरसे लावून. झाकण उघडलं तरी निघणार नाही अशी घट्ट.

ह्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘अवं, त्याले झूल कावून घातली? हा का बैल हाय?’’

‘‘बैलाहून कमी राबते का तो?’’ मी म्हटलं.

‘‘मंग शिंगं बी रंगव.’’

पूजेतलं अवजार नवमीला वापरायचं नसतं, आणि दसऱ्याचा दिवस सोनं वाटण्यात गेला, लेकीकडेही पाहुणे होते, म्हणून बदक मिटलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावातून निरोप आला. गेलेला ह्यांच्या ओळखीतला माणूस होता, बाजारात कधीकधी एका बाकावर चहा घ्यायचे. हे तसेच उठले आणि गेले. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, ते त्या घरचं दुःख आहे.

दुपारी लेकीचा मेसेज. मिशी कुठे?

पट्टीवर आमच्या तालुक्याचं नाव आलं होतं. मी लिहिलं, बाहेर गेलेत, बरे आहेत. तिचं उत्तर एका शब्दाचं. दाखव.

एक सांगते. बहिऱ्या माणसाला घरात सगळ्यांत जास्त काय मिळतं, तर ‘काही नाही’. चारजण हसतात, ती विचारते काय झालं, तर काही नाही. चारजण रडतात, काय झालं, तर नंतर सांगतो. लहानपणापासून तिनं हे इतकं खाल्लंय की लिहिलेल्या ‘बरे आहेत’वर ती भरवसा ठेवणार नव्हती. त्यात गर्भार. तिला माहीत होतं, खरंच काही झालं असतं तर अशा दिवसांत आम्ही तिच्यापासून लपवलंच असतं. आणि खोटं कशाला बोलू, लपवलं असतंच.

मी लॅपटॉप उघडला. वरच्या कोपऱ्यात उघड्या पंख्यासारखी नेटची खूण असते, ती नव्हती. पुसट नाही, तिथं काहीच नव्हतं. मी भिंतीवर थाप मारली.

‘‘भाभी, नेट गेलं का तुमचं?’’

‘‘नहीं तो. नेटच्या डबीचे तिन्ही दिवे जळून राहिले,’’ असं म्हणत भाभी ओढणी सावरत आल्याच. त्यांनीही बघितलं. ‘‘काकू, तुमच्या मशीनीलेच काही झालं.’’

जावयाला मेसेज केला. तो ऑफिसात होता, लगेच उत्तर आलं. काळी खिडकी उघडा, मी पाठवतो ते एकेक अक्षर तसंच लिहा. मग भाभी मोबाइलमधून वाचणार आणि मी एका बोटानं दाबणार.

‘‘एल. एस. पी. सी. आय. बस, अब बडावाला बटण.’’

पडद्यावर भराभर ओळी उतरल्या. यंत्राच्या पोटात काय काय आहे त्याची ती मोजदाद. जावई म्हणाला, ह्यात वायरलेस शब्द आहे का बघा. आम्ही दोघी डोकी चिकटवून बसलो, तांदळातले खडे बघावे तसं. आवाजाचं होतं, चित्राचं होतं, वायरलेस कुठंच नव्हतं.

मग त्यानं दुसरं काही लिहायला सांगितलं, त्यासाठी लॅपटॉपचा पासवर्ड हवा. मी पासवर्ड दाबते तर अक्षर उमटेना! परत दाबलं. काही नाही.

‘‘हो गया,’’ भाभी म्हणाल्या, ‘‘आता बटणं बी गेले.’’

जावयाचा मेसेज, लिनक्समध्ये पासवर्ड दिसत नाही, पण आत जातो. लिहीत राहा. न दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वास ठेवून मी लिहिला, आणि खरंच गेला की आत. पण वायरलेस काही आलं नाही.

इतक्यात हे परतले. तोंड उतरलेलं. हातपाय धुतले, पाणी प्यायले. मी सांगितलं, लेकीनं पट्टी वाचली, तुम्हाला बघायचं म्हणते, आणि हे चालत नाही. हे आत गेले. मला वाटलं आडवे झाले, तर धुतलेला सदरा घालून, केस विंचरून बाहेर आले आणि बंद कॅमेऱ्यासमोर बसले.

‘‘सांग तिले, जित्ता हाओ म्हनून.’’

‘‘सांगितलं. नाही मानत.’’

‘‘माह्यावानी हट्टी हाय,’’ म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

विहीणबाईंचा फोन आला. त्या चांगल्या आहेत, पण आवाज कापत होता. ‘‘दुपारपासून अन्नाला शिवली नाही हो. मी किती समजावलं, माझ्यावरच संशय घेते. नुसती मोबाइलकडे बघत बसलीय. आता मोजलं तर बीपी अजून वाढलंय. डॉक्टर म्हणतात, आधी तिला शांत करा.’’

मी हे ह्यांना सांगितलं नाही. तरी त्यांना कळलं.

जावयानं शेवटी विचारलं, लॅपटॉपच्या कडेला छोटं सरकतं बटण आहे का? मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. ही चार्जरची जागा, हे मोडकं भोक. बटण नव्हतं. मग तो म्हणाला, कार्ड गेलं असेल, मशीनला ते आहे हेच माहीत नाही. रविवारी नवीन पाठवतो.

रविवार! हे उठलेच. ‘‘पिशवी भर माही. मी जातो पुण्याले.’’

‘‘पोहोचाल उद्या. तोवर तिनं काय करायचं?’’

‘‘मंग का करू? उडून जाऊ का बदकावर बसून?’’

भाभींना हसू आलं आणि लगेच त्यांनी तोंडाला ओढणी लावली, कारण ह्यांचे डोळे भरले होते.

मी पिशवी काढायला वळले तर मोबाइल वाजला. लेकीचा मेसेज. नवऱ्यानं तिला सगळं कळवलं असणार. लिहिलं होतं, आई, नवमीला पूजा केलीस का त्याची?

मी जागच्या जागी उभी राहिले. त्याचं काय होतं, ती शाळेत असताना तिच्या छातीशी लटकवायचं ऐकायचं यंत्र होतं, डबीएवढं, वायर कानात जायची. त्यातून तिला नुसती घरघर कळायची, पण ती ते जपायची. एका नवमीला ती सुट्टीवर आली होती. मी तेही अवजारांत मांडलं आणि मनापासून कुंकू वाहिलं. ते कुंकू गेलं त्याच्या जाळीत आणि बटणाच्या खाचेत. यंत्र मुकं. पोरगी तेव्हा रागावली नाही, मांडीवर घेऊन सुईनं खाच कोरत बसली होती. ते तिच्या लक्षात होतं. जावई यंत्राच्या पोटात शोधत होता. ती पुण्याच्या पलंगावर पडून आपल्या आईच्या सवयीत शोधत होती.

मी लिहिलं, केली. झूल पण शिवली.

उत्तर आलं, झूल काढ.

‘‘काढ, काढ,’’ हेच म्हणाले. घट्ट होती, इलॅस्टिक निघेना, ह्यांनी विळ्यानं टराटरा उसवली. माझे आरसे जमिनीवर गळले. आणि पुढच्या कडेला, जिथं आपण मनगट टेकवतो तिथं खाली, नखाएवढं सरकतं बटण. खाच कुंकवानं लाल, आणि बटण एका अंगाला रेटलेलं. झूल चढवताना इलॅस्टिकनंच सरकवलं असणार. मी दोन्ही बाजू बघितल्या, पण पुढची कड झुलीच्या आत होती.

भाभींनी केसातली पिन काढून दिली. मी कुंकू कोरलं आणि बटण दुसऱ्या अंगाला सरकवलं. शेजारी बारीकसा निळा दिवा लागला. जावयानं कळवल्याप्रमाणे यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. कोपऱ्यात पंखा उमटला.

ती दिसली. उशांना टेकलेली, चेहरा सुजलेला. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी बाजूला झाले. हे पुढे सरकले आणि मिशीला पीळ दिला.

तिनं मान हलवली नाही. अजून भरवसा बसेना, जुना फोटो लावला असेल तर? हाताची खूण केली, हला. हे हलले. अजून हला. तेव्हा ह्यांनी, ज्यांना हात नाचवणं जमत नव्हतं त्यांनी, दोन्ही हात वर केले आणि बोटांच्या चिमटीनं हवेतला कापूस वेचून ओटीत टाकला. उद्या वेचायला जायचं आहे, अशी ती खूण. कधी शिकले कोणास ठाऊक. आम्हा मायलेकींचं बोलणं मागं बसून बघत असणार.

लेक हसली आणि मग रडली. मग पोटावर हात ठेवून सांगितलं, हा लाथ मारतोय. मी कपाळावर बोट टेकवलं आणि तोंडाशी घास नेला, जेव. तिनं सासूनं दिलेला दूधभात आमच्यासमोर सगळा खाल्ला. भाभी, ‘‘चलो, मेरा दुकान खुला पडा है,’’ म्हणत डोळे पुसत गेल्या.

जेवल्यावर तिला झोप लागली, तशीच, कॅमेऱ्यासमोर. आम्ही लॅपटॉप मिटला नाही. ह्यांनी आपलं ताट तिथंच घेतलं. सकाळपासून तेही उपाशी होते. मी भाजी वाढताना पातेल्यावर डाव आपटला.

‘‘हळू,’’ हे कुजबुजले. ‘‘झोपली हाय ते.’’

‘‘अहो,’’ मी म्हटलं, ‘‘तिला कुठं ऐकू येते?’’

‘‘तरी बी,’’ म्हणाले, आणि ताटाचा आवाज होऊ नये म्हणून हातावर भाकरी घेऊन खात राहिले.