शेजारच्याची भाकर

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं जेवण मी खाल्लं.

बीडच्या दवाखान्यात मी आपलं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायला गेलतो. साखर वाढलेली, जिना दिसला की गुडघे कुरकुरायचे, आणि पोटाला कात्री लागणार म्हटलं की मला घाम फुटायचा. शेजारी धारूरकडचा एक माणूस तपासणीला आला होता. त्याचा जुना सदरा अंगावर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. नाव विचारायचं राहून गेलं, कारण त्यानं डबा उघडला.

चतकोर भाकर आणि वाटीत थोडं वरण. तो सुपारीएवढा घास घ्यायचा, डोळे मिटून चावत राहायचा, मग हात मांडीवर ठेवून पोट काय म्हणतंय ते ऐकत बसायचा.

"लई तरास होतो का हो?" मी विचारलं.

"तरास न्हाई. घाई करता येत न्हाई. पण औंदा किल्ला चढलो, कुठं न बसता."

ऐकून माझं जवळजवळ ठरलंच. तेवढ्यात त्यानं डोळे मिटले, ते उघडेचनात. जेवण आटोपून डुलकी घेतोय, असं मला वाटलं. अन्न टाकलेलं आमच्या घरात चालत नाही. मी भाकर वरणात कुस्करली आणि संपवली.

त्यानं डोळे उघडले. आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे. नेमकी तेव्हाच नर्स आली. "काका, काय ठरलं तुमचं?"

माझा घास गिळून होईपर्यंत तोच बोलला, "ह्यांना आदी घ्या, ताई. ऑपरेशन माझं झालं आन् जेवण ह्यांचं वाढलं."